केंट पुरातत्त्व मंडळाचे सभासदत्व: व्हिक्टोरियन नियमावलीतील पात्रता, प्रवेशाची रीत, वर्गणी आणि करमाफी

केंट ही इंग्लंडच्या आग्नेय टोकाची काउंटी. तिथल्या मेरवर्थ कॅसलमध्ये १४ एप्रिल १८५७ रोजी केंट आर्किऑलॉजिकल सोसायटी, म्हणजे केंट पुरातत्त्व मंडळ, स्थापन झाले. मार्क्विस (उमरावांतला एक वरचा किताब) कॅम्डेन हे अध्यक्ष, तर रायार्श गावचे पाद्री लॅम्बर्ट लार्किंग हे मानद चिटणीस. वर्षभरात, १८५८ मध्ये, ‘आर्किऑलॉजिया कँटियाना’ या प्रकाशनाचा पहिला खंड निघाला. ते प्रकाशन आजही चालू आहे.

अशी मंडळे त्या काळात काउंटीगणिक निघत होती. नॉर्फोक आणि ससेक्सची १८४६ मध्ये, सॉमरसेटचे १८४९ मध्ये, विल्टशायरचे १८५३ मध्ये, सरेचे १८५४ मध्ये. सगळ्यांचे नियम साधारण एकाच वळणाचे. मी केंट निवडले, कारण त्यांची नियमावली सुरुवातीच्या खंडांत सभासदांच्या यादीसोबत छापलेली आहे आणि ती कलमवार वाचण्याजोगी आहे. गावोगावी इतिहासाची मंडळे काढणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी ती जरूर वाचावी. माझे ठाम मत आहे की हे मंडळ दीडशेहून अधिक वर्षे टिकण्यात मार्क्विसच्या नावापेक्षा वर्गणी, थकबाकी आणि चेकवरच्या सह्या यांविषयीच्या चार साध्या कलमांचा वाटा मोठा आहे.

कोण सभासद होऊ शकत असे

शिक्षणाची, वयाची किंवा मालमत्तेची अट नियमावलीत नाही. स्त्री-पुरुष असा भेदही नाही, आणि सभासदांच्या याद्यांत स्त्रियांची नावे आढळतात. लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने, म्हणजे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांच्या संस्थेने, स्त्रियांना फेलो (सभासद) म्हणून १९२१ मध्ये घेतले, हे लक्षात घेतले तर काउंटी मंडळांचे दार किती आधी उघडे होते ते कळते.

तरी हे दार सर्वांसाठी होते असे म्हणता येणार नाही. पहिली अडचण पैशाची. वार्षिक वर्गणी १० शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. त्या काळच्या शेतमजुराची जवळपास आठवड्याची मजुरी तेवढी असे. दुसरी अडचण ओळखीची. तुमचे नाव सुचवणारा एक सभासद आणि त्याला अनुमोदन देणारा दुसरा सभासद मिळाल्याशिवाय नाव पुढे जातच नसे. पाद्री, जमीनदार, वकील, डॉक्टर यांना असे दोघे सहज मिळत. मैदानात कुदळ चालवणाऱ्या मजुराला मिळणे अवघड होते, आणि पुष्कळदा नाणी, मणी, भाल्यांची पाती पहिल्यांदा त्याच्याच हाती लागत. या मंडळांच्या कामाबद्दल मला कितीही आदर असला तरी ही उणीव झाकून ठेवण्यासारखी नाही.

प्रवेशाची रीत

जन्मदाखला, शिफारसपत्र, उतारा असे काहीच नियमावली मागत नाही. सूचक, अनुमोदक आणि उमेदवार ही तीन नावे पुरेशी. नाव कार्यकारिणीच्या कोणत्याही सभेत किंवा सर्वसाधारण सभेत मांडता येई.

कोणी मागणी केली तरच गुप्त मतदान होई. ते गोट्यांनी होत असे: पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. पाचात एक काळी गोटी निघाली की प्रवेश नाकारला जाई. दहाजण मत देत असतील तर दोघांचा विरोध पुरे. बहुमताच्या हिशोबाने पाहिले तर हे अन्यायाचे वाटते. पण या मंडळींना वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी जुनी कागदपत्रे पाहायला जायचे होते आणि आपले खासगी संग्रह उघडून दाखवायचे होते. ज्याच्यावर पाचातल्या एकाचा विश्वास नाही, त्याला घरातली सनद कोण दाखवणार? मला हे कलम त्या अंगाने समजते.

किती दिवस थांबावे लागे? कार्यकारिणी मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांतल्या दुसऱ्या गुरुवारी बसे. गरज पडली तर चिटणीस मधेही बोलावू शकत. जूनची सभा लंडनमध्ये, बाकीच्या आळीपाळीने केंटमधल्या कँटरबरी आणि मेडस्टोन या शहरांत. म्हणजे सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत निर्णय कळे.

वर्गणी, आजीव वर्गणी आणि थकबाकी

१० शिलिंग दर वर्षी १ जानेवारीला आगाऊ भरायचे. पैसे मंडळाच्या बँकेत किंवा चिटणिसांपैकी एकाकडे द्यायचे. एकदाच ५ पौंड भरले की पुढची सारी वर्गणी माफ, सभासदत्व तहहयात.

आता हिशोब पाहा. ५ पौंड म्हणजे दहा वर्षांची वर्गणी. हे पैसे खर्च करायला नियमावलीची सक्त मनाई होती. ते सरकारी रोख्यांत गुंतवायचे, रोखे कार्यकारिणीने निवडलेल्या चार विश्वस्तांच्या नावावर ठेवायचे आणि रोजच्या कामाला फक्त व्याज वापरायचे. त्या काळचे ब्रिटिश सरकारी रोखे साधारण ३ टक्के देत. म्हणजे एका आजीव सभासदामागे मंडळाच्या हाती वर्षाला ३ शिलिंग पडत, तर वार्षिक सभासदाकडून १०. आणि प्रकाशनाचा खंड मात्र दोघांनाही सारखाच द्यायचा. आजीव सभासद जिवंत असेपर्यंत मंडळाला दर वर्षी ७ शिलिंग कमीच मिळत.

मग हे केले कशाला? सभासद वारल्यावर वार्षिक वर्गणी थांबते, पण त्या ५ पौंडांचे ३ शिलिंग येतच राहतात, आणि आता त्याच्या नावाने खंडही पाठवावा लागत नाही. शंभर आजीव सभासद झाले की ५०० पौंडांचे मुद्दल उभे राहते आणि कोणी वर्गणी भरो वा न भरो, वर्षाला १५ पौंड हाती येतात. आपल्याकडे आजीव सभासदत्वाचे पैसे पहिल्याच संमेलनाच्या मांडवात संपवणारी मंडळे मी पाहिली आहेत. पाच-सात वर्षांत त्यांचे अंक बंद पडतात, आणि ज्यांनी पैसे भरले त्यांना उत्तर द्यायलाही कोणी उरत नाही. नियमावलीतले एकच कलम उचलायचे झाले तर मी हे उचलेन.

थकबाकीचे कलमही असेच विचारपूर्वक केलेले आहे. वर्गणी थकली की खंड मिळत नाही. सभासदत्व मात्र लगेच जात नाही. दोन वर्षे थकली, चिटणिसाने लेखी मागणी केली आणि त्यानंतर महिनाभरात पैसे आले नाहीत, तरच कार्यकारिणी यादीतून नाव काढू शकते. तेही लेखी मागणी झाल्याचा दाखला समोर आल्यावर. म्हणजे सभासदाला पुरेशी मुदत मिळते आणि चिटणिसालाही मनमानी करता येत नाही.

पैसे बाहेर जाण्याची वाट आणखी अरुंद होती. कार्यकारिणीच्या आदेशाशिवाय चेक निघत नसे आणि प्रत्येक चेकवर कार्यकारिणीच्या दोन सदस्यांची व मानद चिटणिसाची अशा तीन सह्या लागत.

वेगळ्या दर्जाचे सभासद

संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य केंटमध्ये जमीन बाळगून असेल किंवा तिथे राहत असेल, तर तो सभासद होताच उपाध्यक्षांच्या यादीत जाई. हे मानाचे पद होते. काम चिटणीस आणि कार्यकारिणी करत. मानद सभासद मात्र केंटमध्ये मालमत्ता नसलेले, पुरातत्त्वात नाव मिळवलेले किंवा मंडळाला उपयोगी पडतील असे लोक. त्यांना कार्यकारिणी तहहयात निवडे, पण मताचा हक्क देत नसे. शिवाय ठिकठिकाणी स्थानिक मानद चिटणीस नेमता येत. कुठे रेल्वेची किंवा पायाची खोदाई चालू आहे, काय सापडले, हे कळायला अशा माणसांचाच आधार. १८६० च्या दशकात केंटमधल्या सार या गावच्या अँग्लो-सॅक्सन दफनभूमीचे उत्खनन मंडळासाठी जॉन ब्रेंट यांनी केले, आणि मंडळाचा संग्रह मेडस्टोनच्या संग्रहालयात ठेवला गेला.

सभासदाचे हक्क

वार्षिक सर्वसाधारण सभा जुलै ते सप्टेंबर या काळात, एक वर्ष काउंटीच्या पूर्व भागात तर पुढच्या वर्षी पश्चिम भागात. जागा ऐतिहासिक महत्त्वाची असावी असेच कलम आहे. तिथे प्राचीन वस्तू मांडायच्या, निबंध वाचायचे, तपासलेले हिशेब ठेवायचे आणि हिशेबतपासनीस निवडायचे. कार्यकारिणीत सभासदांतून निवडलेले २४ जण असत. दर वर्षी त्यातले सहा निवृत्त होत, पण पुन्हा उभे राहू शकत. हिशेब आणि निवडणुका अशा देखण्या जागी घेतल्या की माणसे येतात, ही समज मला फार आवडते.

नियम बदलायचा असेल तर १ जूनच्या आत मानद चिटणिसाला लेखी कळवायचे. बदलाचा मजकूर सभेच्या नोटिशीत स्पष्ट छापलेला हवा आणि ती नोटीस किमान महिनाभर आधी निघायला हवी. सात सभासदांनी लेखी मागणी केली, विषय नमूद केला, तर विशेष सभा बोलावता येई.

आणखी एक कलम वाचताना मी थांबलो. मंडळाने धर्म आणि राजकारणातले वाद टाळावेत, आणि अशाच इतर संस्थांपासून स्वतंत्र राहून त्यांच्याशी स्नेहाने सहकार्य करावे, असे ते सांगते. याला त्या काळाची पार्श्वभूमी आहे. १८३९ साली निघालेली केंब्रिज कॅम्डेन सोसायटी चर्चच्या वास्तुरचनेचा अभ्यास करता करता धार्मिक वादात ओढली गेली होती. ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशनचे पहिले अधिवेशन १८४४ मध्ये केंटमधल्याच कँटरबरीला भरले आणि १८४५ मध्ये त्या संस्थेची दोन शकले झाली. ही भांडणे पाहिलेल्या पिढीने नवे मंडळ काढताना असे कलम घातले, यात मला तरी नवल वाटत नाही.

मंडळाला करमाफी हवी असेल तर

इथवर सभासदाची बाजू झाली. संस्थेला स्वतःलाही एक अर्ज करण्याची सोय होती. ग्रंथालय, संग्रहालय किंवा सभागृह असले की त्या जागेवर काउंटीचे, नगराचे आणि पॅरिशचे (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गावपातळीच्या विभागाचे) स्थानिक कर बसत. १८४३ च्या कायद्याने विज्ञान, साहित्य किंवा ललित कला यांसाठीच चालणाऱ्या संस्थांना या करांतून सूट दिली.

पात्रतेच्या अटी दोन. संस्था पूर्णतः किंवा अंशतः लोकांच्या ऐच्छिक वार्षिक वर्गणीवर चालली पाहिजे. आणि तिने सभासदांना लाभांश, भेट, वाटणी किंवा बोनस म्हणून पैसे देता कामा नये. प्रत्यक्षात देत नाही एवढे पुरेसे नव्हते, तिच्या नियमांनीच तशी मुभा असता कामा नये.

कागदपत्र एकच: नियमावली, तीन प्रतींत. प्रत्येक प्रतीवर अध्यक्षाची किंवा मुख्य पदाधिकाऱ्याची सही, कार्यकारिणीच्या तीन सदस्यांच्या सह्या आणि चिटणिसाची प्रतिस्वाक्षरी. या प्रती फ्रेंडली सोसायट्यांचे, म्हणजे सभासदांच्या परस्पर-मदत मंडळांचे, नियम प्रमाणित करणाऱ्या बॅरिस्टरकडे जात. त्या पदावर १८७० पर्यंत जॉन टिड प्रॅट होते. बॅरिस्टर दाखला लिही, एक प्रत संस्थेला परत देई, एक स्वतःकडे ठेवी आणि तिसरी काउंटीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या तिमाही न्यायालयात दाखल होण्यासाठी धाडी. त्याने नकार दिला तर त्याच न्यायालयात दाद मागता येई. उलट, संस्थेला मिळालेल्या माफीविरुद्ध करदात्यालाही अपील करता येई, म्हणून दाखला हाती आल्यावरही नियम पाळण्यात ढिलाई परवडत नसे.

महाराष्ट्राशी असलेला धागा

१८५४ मध्ये ब्रिटिश संसदेने साहित्यिक व वैज्ञानिक संस्थांसाठी आणखी एक कायदा केला. अशा संस्थेला एक एकरपर्यंत जमीन देता येणे, पदाधिकाऱ्याच्या नावाने दावा चालवणे, तीन पंचमांश मतांनी संस्था विसर्जित करणे अशा तरतुदी त्यात होत्या. त्याच धर्तीवर १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा भारतात आला, आणि महाराष्ट्रातली संस्था आजही त्याच कायद्याखाली नोंदली जाते. किमान सात व्यक्ती, संस्थेचे नाव, उद्देश आणि कार्यकारिणीची नावे असलेले संस्थापनपत्र, सोबत नियमावलीची प्रत. ती प्रत खरी असल्याचे कार्यकारिणीच्या किमान तीन सदस्यांनी प्रमाणित करायचे असते. १८४३ च्या कायद्यातल्या कार्यकारिणीच्या तीन सह्यांशी हे ताडून पाहावे. विसर्जनासाठी इथेही तीन पंचमांश मते लागतात. महाराष्ट्रात यानंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदणी करावी लागते.

नियमावलीचा मसुदा करणाऱ्यांनी केंटचे मूळ कलम शब्दशः उतरवू नये. आपले कायदे आणि बँकेचे नियम वेगळे आहेत. पण आजीव वर्गणीचे मुद्दल न मोडणे, थकबाकीदाराला लेखी मुदत देणे आणि पैसे काढताना तीन सह्या घेणे ही कलमे आजच्या भाषेत लिहून घेता येतील. ‘आर्किऑलॉजिया कँटियाना’चे जुने खंड इंटरनेटवर वाचायला मिळतात. त्यातली नियमावली मोजक्या पानांची आहे, शेजारीच त्या वर्षीचा जमाखर्चही छापलेला असतो. दोन्ही एकत्र वाचावे.