शुक्रवारी मिळेल, इन्शाअल्लाह

कॅम्पातल्या शिंप्याकडे कुर्ता शिवायला टाकला की मास्टर माप लिहून घेतात आणि म्हणतात, "शुक्रवारी मिळेल, इन्शाअल्लाह." पेठेतून आलेलं गिऱ्हाईक थबकतं. "मास्टर, इन्शाअल्लाह नको, नक्की सांगा!" पुणेकराच्या कानाला त्या शब्दात पळवाट ऐकू येते. ही शंका अगदीच निराधार नाही. सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या बगदादमध्येही ती घेतली गेली होती.

'इन शाअ अल्लाह' म्हणजे अल्लाहने इच्छिलं तर. उद्याचं बोलताना हे म्हणावं, हा आदेश कुराणाच्या अठराव्या सूरेत, अल-कहफमध्ये, 23 आणि 24 या आयतींत येतो. त्यामागचा प्रसंग इब्न इसहाकने लिहिलेल्या पैगंबरांच्या जुन्या चरित्रात आहे. मक्केच्या कुरैश टोळीने पैगंबरांची परीक्षा घ्यायला यस्रिबच्या, म्हणजे आजच्या मदिनेच्या, यहुदी विद्वानांकडून तीन प्रश्न आणले: गुहेत झोपलेले तरुण कोण, पृथ्वीच्या दोन्ही टोकांना पोचलेला प्रवासी कोण, आणि रूह म्हणजे काय? पैगंबर म्हणाले, "उद्या सांगतो." अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख राहून गेला. उद्या उजाडला, पण वही, म्हणजे ईश्वरी संदेश, काही आला नाही. पंधरा दिवस गेले. मक्केत कुजबुज सुरू झाली. मग सूरा उतरली आणि तिने उत्तरांबरोबर कानउघाडणीही केली: कुठल्याही गोष्टीबद्दल 'मी हे उद्या करीन' असं अल्लाहच्या इच्छेची जोड दिल्याशिवाय म्हणू नकोस; आणि विसरलास तर आपल्या रबची आठवण कर. खुद्द पैगंबरांना मिळालेली समज म्हणूनच मुसलमानांच्या जिभेवर हा शब्द इतका पक्का बसला असावा.

त्यातल्या 'विसरलास तर' या तुकड्यावरून पुढे मोठी चर्चा झाली. शरियतच्या कायद्यात या शब्दाला वजन आहे. शपथ घेतानाच इन्शाअल्लाह म्हटलं, तर ती मोडल्याचा दोष लागत नाही. याला 'इस्तिस्ना', म्हणजे अपवाद, म्हणतात. पण तेव्हा विसरलं आणि नंतर आठवलं तर? पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचं मत असं सांगतात की नंतर म्हटलं तरी चालतं. पुढच्या काळातले मोठे कायदेपंडित इमाम अबू हनीफांना ते मान्य नव्हतं. बगदादचा अब्बासी खलिफा मन्सूर हा इब्न अब्बासांचा पणतू. एका दरबाऱ्याने त्याच्या कानाशी लागून सांगितलं, हे इमाम तुमच्या पणजोबांच्या विरुद्ध बोलतात. किस्सा असा की अबू हनीफांनी शांतपणे उत्तर दिलं: तसं असेल तर तुमच्या हातावर निष्ठेची शपथ घेणारे सैनिक घरी जाऊन इन्शाअल्लाह म्हणतील आणि मोकळे होतील. खलिफा हसला म्हणतात. पळवाट तिथेच बुजली.

प्रयत्न सोडून बसायला तर या शब्दाने कधीच मुभा दिली नाही. उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असं एकाने विचारल्यावर पैगंबर म्हणाले, "बांध, आणि मग भरवसा ठेव." ही हदीस तिर्मिजीच्या संग्रहात आहे. 639च्या सुमारास शाममध्ये, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागात, प्लेग पसरला, तेव्हा खलिफा उमर वाटेतूनच परत फिरले. "अल्लाहच्या तकदीरपासून पळताय?" असं त्यांचे सेनापती अबू उबैदांनी हटकलं. उमर म्हणाले, "हो, अल्लाहच्या एका तकदीरपासून दुसऱ्या तकदीरकडे."

मराठीला ही भावना परकी नाही. आपण 'ईश्वरेच्छा बलीयसी' म्हणतो, 'देवाची मर्जी' म्हणतो, आणि ही 'मर्जी' मुळात अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली. 'वायदा'ही त्याच वाटेने आला. फरक असलाच तर वेळेचा. आपल्याकडे देवाची मर्जी बहुधा काम फसल्यावर आठवते, मास्टर ती माप घेतानाच काढतात.

पावतीवर मात्र ते नुसती तारीख लिहितात.