गोव्याचा घटस्फोट कायदा करणारा अर्थमंत्री

पोर्तुगालचा अर्थमंत्री म्हटला की आपल्याला पुढे हुकूमशहा झालेला सालाझारच आठवतो. पण गोव्यात घटस्फोटाच्या दाव्यात आजही ज्या १९१० च्या कायद्याचा आधार घेतला जातो, तो केला अफोंसो कॉस्ता या वकिलाने. पुढे देशाची तिजोरीही त्याच्याच हाती आली.

कॉस्ता १८७१ चा, डोंगराळ सैया गावचा. कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकला आणि तिथेच शिकवू लागला. त्याचं नाव गाजलं ते नोव्हेंबर १९०६ मध्ये. संसदेची मंजुरी न घेता राजघराण्याला सरकारी तिजोरीतून उचल दिली जात होती. यापेक्षा कितीतरी लहान गुन्ह्यांसाठी फ्रान्सच्या सोळाव्या लुईचं शिर उडालं होतं, असं कॉस्ताने भर सभागृहात सुनावलं. त्याला बाहेर काढायला सैनिक बोलवावे लागले! फेब्रुवारी १९०८ मध्ये राजा कार्लुशची हत्या झाली, तेव्हा कॉस्ता राजेशाहीविरुद्धच्या फसलेल्या उठावापायी तुरुंगात होता.

५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक आलं, कॉस्ता न्यायमंत्री झाला आणि महिनाही उलटायच्या आत, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा आला. जुन्या नागरी संहितेत नवऱ्याच्या व्यभिचाराला बरीच सूट होती, बायकोच्या नव्हती. नव्या कायद्यात दोघांना एकच माप. नाताळच्याच दिवशी विवाह हा दिवाणी करार ठरला, आणि २० एप्रिल १९११ ला चर्च सरकारपासून वेगळं झालं. धर्मावरून भेदभाव सोसणाऱ्या गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले ते याच राजवटीत.

१९१३ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि अर्थखातं स्वतःकडेच ठेवलं. इथेही वकिली डोकंच चाललं. अर्थसंकल्पाच्या चर्चेत खासदारांनी खर्च वाढवणाऱ्या सूचना मांडायच्या नाहीत, असा कायदा मार्चमध्ये आणला. लोक त्याला ‘ब्रेक कायदा’ म्हणू लागले. कायम तुटीत चालणाऱ्या देशाने शिल्लक पाहिली. पण त्याच वर्षी निरक्षरांचा मताधिकार काढून घेतला, तोही ज्या देशात बहुसंख्य निरक्षर होते तिथे. ही त्याची बाजू झाकता येत नाही.

शत्रू इतके की जुलै १९१५ मध्ये लिस्बनच्या ट्राममध्ये विजेचा स्फोट झाला, तो बॉम्ब समजून त्याने खिडकीतून उडी टाकली आणि कवटी फोडून घेतली. डिसेंबर १९१७ च्या बंडाने सत्ता गेली. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर पोर्तुगालतर्फे त्याने सही केली, पण तो मायदेशी स्थिरावला नाही. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, दोन वर्षांनी अर्थखातं सालाझारकडे गेलं, आणि त्याचा कट्टर विरोधक राहिलेला कॉस्ता १९३७ मध्ये पॅरिसमध्ये वारला.