कोडिंग आणि सर्किटमधून विज्ञान (खान्देश)

पोरांना विज्ञान पाठ करायला न लावता त्यांच्या हातात बॅटरी, वायर, सेन्सर द्यायचे, कॉम्प्युटरवरून त्यांना सूचना द्यायला लावायच्या आणि जे घडेल त्याचं कारण त्यांनाच शोधू द्यायचं, अशी ही पद्धत. मूळ विचार जुना आहे, १९६७ मध्ये अमेरिकेत सिमोर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही कॉम्प्युटरची भाषा केली. पुढे २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो आला, म्हणजे कॉम्प्युटरवरून सूचना भरता येतात असा छोटा सर्किट बोर्ड, आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून स्क्रॅच ही मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा आली. आपल्याकडे नीती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. पण किट कपाटात कुलूपबंद राहिलं तर त्या पैशाचा पोरांना काय उपयोग, पोरांनी ते जोडलं पाहिजे, बिघडवलं पाहिजे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांना प्रोग्रॅम म्हणजे काय हे सांगायला लांब जावं लागत नाही, वावरातल्या मोटरीचा ऑटो, म्हणजे मोटर आपोआप चालू करणारी पेटी, त्यांनी बघितलेला असतो. रात्री थ्री फेज लाईट येते, ऑटो थोडा थांबतो आणि मोटर आपोआप चालू होते, घरच्या कोणाला अंधारात उठून जावं लागत नाही. ‘लाईट आली तर थांब, मग मोटर चालू कर’ हा प्रोग्रॅमच झाला, स्क्रॅचमध्ये तेच रंगीत ठोकळे जोडून लिहायचं. अर्थात खऱ्या मोटरीच्या पेटीला पोरांनी हात लावायचा नाही, शिकायचं ते ५ व्होल्टवरच.

पहिला धडा बहुतेक ठिकाणी लाल एलईडीचा असतो. एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, ५ पैकी उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर, म्हणजे करंट अडवणाऱ्या भागावर पडतात, म्हणजे करंट १३-१४ मिलिअँपियर. ओहमचा नियम इथे गणित म्हणून येत नाही, रेझिस्टर बदलला की उजेड कमी-जास्त होतो तो डोळ्याला दिसतो.

मला सगळ्यात आवडतो तो एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, इवलासा, तीन पायांचा. दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे मे महिन्यातल्या ४५ अंशाला ४५० मिलिव्होल्ट, आणि आर्डुइनो उनोवर आकडा दिसतो ९२ च्या आसपास, कारण तो बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. त्या ९२ चे ४५ कसे झाले हे पोरगं एकदा स्वतः काढतं ना, मग त्रैराशिक विसरत नाही. पाय उलटे लागले तर सेन्सर तापतो, बोटाला चटका बसतो, आणि दुसऱ्यांदा जोडताना तेच पोरगं सपाट बाजू कुठे आहे ते आधी बघतं. मग तोच सेन्सर घेऊन पत्र्याखाली आणि निंबाखाली माप घ्यायचं, दर तासाला वहीत लिहायचं, इथून खरं विज्ञान सुरू होतं.

केळी-कपाशीच्या भागात पुढची पायरी अर्थातच मातीचा ओलावा. दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर काळ्या मातीत खुपसायचा, माती ओली असली की करंट जास्त जातो. पण करंट सतत चालू ठेवला तर काही दिवसांतच एक दांडी गंजून खराब होते, आणि पोरं विचारतात, एकच का? हे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे करंटमुळे होणारी रासायनिक क्रिया, रसायनशास्त्राच्या पुस्तकातलीच. उपायही प्रोग्रॅममध्येच असतो, सेन्सरला कायम करंट द्यायचा नाही, माप घेण्यापुरताच द्यायचा आणि लगेच बंद करायचा.