जर्सीखालच्या पाटीवर साल कोणतं? कमबॅक पुरस्काराची फ्रेम करायला देण्याआधी वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे जर्सी फ्रेम करायला आणणाऱ्या बहुतेकांना अमेरिकन फुटबॉल आमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यामुळे खेळ समजावून सांगण्यासाठी हे माहितीपत्रक नाही. क्वार्टरबॅक कोण, प्लेऑफ म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच लिहितो आहोत. अडचण आहे ती जर्सीखाली बसणाऱ्या पितळी पाटीची. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ‘कमबॅक प्लेअर ऑफ द इयर’ची (पडत्या काळातून परतलेल्या खेळाडूच्या पुरस्काराची) पाटी मागणारी गिऱ्हाइकं न्यू जर्सीत पुष्कळ आहेत, आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आटोपला की त्यांतल्या बऱ्याच पाट्या दुसऱ्यांदा कोरायला येतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: साल चुकलेलं.

साल हंगामाचं, समारंभाचं नाही

एनएफएलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, साखळी सामने जानेवारीच्या सुरुवातीला संपतात आणि सुपर बोल फेब्रुवारीत होतो. त्याच आठवड्यात ‘एनएफएल ऑनर्स’ हा समारंभ असतो आणि कमबॅकचा मानकरी तिथे जाहीर होतो. म्हणजे टीव्हीवर तुम्ही पुरस्कार पाहता तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बदललेलं असतं, पण पुरस्कार मात्र मागच्या वर्षी सुरू झालेल्या हंगामाचा असतो. इन्कम टॅक्सचं आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष यांत जो घोळ होतो, तोच हा.

जो फ्लॅकोचं नाव ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लास व्हेगासमध्ये पुकारलं गेलं. त्याच्या पाटीवर २०२३ येतं. गिऱ्हाईक आम्हाला २०२४ लिहून पाठवतं आणि वर म्हणतं, ‘मी स्वतः पाहिलंय.’ पाहिलंच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण क्लीव्हलँड ब्राउन्सकडून तो खेळला ते २०२३च्या हंगामात. सुपर बोलला सालाऐवजी रोमन आकडा लावतात, तोही याच गोंधळामुळे. कमबॅक पुरस्काराला तशी सोय नाही.

सगळ्यांत जास्त घोटाळा जो बरोच्या पाट्यांचा होतो, कारण त्याला हा पुरस्कार दोनदा मिळाला आहे: २०२१च्या हंगामासाठी आणि पुन्हा २०२४च्या हंगामासाठी. पहिला हातात पडला फेब्रुवारी २०२२मध्ये, दुसरा फेब्रुवारी २०२५मध्ये. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर या चारही सालांची हवी तशी सरमिसळ असते. लक्षात ठेवायची सोपी खूण सांगतो. गुडघ्यानंतरचा पुरस्कार २०२१, मनगटानंतरचा २०२४. नोव्हेंबर २०२०मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि पुढच्या हंगामात तो आपल्या संघाला, सिनसिनाटी बेंगॉल्सना, सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. नोव्हेंबर २०२३मध्ये मनगटाचा अस्थिबंध फाटला आणि २०२४मध्ये ४,९१८ यार्ड व ४३ टचडाउन पास ही दोन्ही आकडेवारी लीगमध्ये सर्वाधिक ठरली. ४३चा आकडा घालून २०२१ची पाटी मागाल, तर आम्ही फोन करूनच विचारू. त्याचा राग मानू नका.

जाता जाता एक गोष्ट. बरोचा गुडघा गेला त्या सामन्यात समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) होता अ‍ॅलेक्स स्मिथ, म्हणजे त्याच हंगामाचा कमबॅक मानकरी. २०२० आणि २०२१ या दोन्ही सालांचे मानकरी त्या दिवशी एकाच मैदानात होते. दोन जर्सींची जोडफ्रेम करायची असेल, तर याहून चांगली जोडी आम्हाला तरी सुचत नाही.

अ‍ॅलेक्स स्मिथच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. त्याचा पाय मोडला १८ नोव्हेंबर २०१८ रोजी, ह्यूस्टनविरुद्ध. पायाला जंतुसंसर्ग झाला, जिवावर बेतलं, १७ शस्त्रक्रिया झाल्या. २०१९चा सबंध हंगाम गेला आणि ऑक्टोबर २०२०मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. लोक पाटीवर २०१८ लिहून मागतात, कारण लक्षात राहिलेलं असतं ते दुखापतीचं साल. पुरस्कार पडण्याचा नसून परतण्याचा आहे, म्हणून साल २०२०.

संघ कोणता, जर्सी कोणती

साल बरोबर असलं तरी जर्सी भलतीच निघते. फ्लॅकोची घरात असते ती बॉल्टिमोर रेव्हन्सची, ५ नंबरची. कमबॅक मिळाला तो ब्राउन्सच्या १५ नंबरमध्ये. रेव्हन्सच्या जर्सीखाली कमबॅकची पाटी आम्ही लावून देऊ, दुकान तुमच्यासाठीच आहे. पण घरी येणारा जाणकार पाहुणा पहिल्यांदा तेच बोलून दाखवेल.

संघांची नावंही बदलतात. २०२०मध्ये अ‍ॅलेक्स स्मिथचा संघ नुसता ‘वॉशिंग्टन फुटबॉल टीम’ होता. ‘कमांडर्स’ हे नाव २०२२मध्ये आलं. चार्जर्सचं तर शहरच बदललं: ड्रू ब्रीझ २००४ आणि फिलिप रिव्हर्स २०१३ हे सॅन डिएगोचे, कीनन अ‍ॅलन २०१७ हा लॉस एंजेलिसचा. आम्ही त्या हंगामातलंच नाव कोरतो. आजचं नाव हवं असेल तर तसं लिहून द्या.

आपल्या भागातला खास गोंधळ म्हणजे स्टीव्ह स्मिथ. २००५चा कमबॅक ज्याला मिळाला तो कॅरोलायना पँथर्सचा, ८९ नंबरचा. आधीच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा पाय मोडला होता. परत येऊन त्याने झेल, यार्ड आणि झेलून केलेले टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर गाठला. जायंट्सचा १२ नंबरचा स्टीव्ह स्मिथ वेगळा. जायंट्सचा चाहता ऑर्डर घेऊन आला की आम्ही हे आधी विचारतो. शिवाय त्या वर्षी पुरस्कार विभागून दिला होता. दुसरा मानकरी पेट्रियट्सचा टेडी ब्रुस्की, जो फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका येऊनही ऑक्टोबरात खेळायला उतरला. पाटीवर ‘विभागून’ हा शब्द आम्ही घालतो. काही जणांना तो खटकतो, पण गाळला तर पाटी अर्धंच खरं सांगते.

जेट्सच्या चाहत्यांसाठी दोन शब्द जास्त लिहावे लागतील. चॅड पेनिंग्टनला खांद्याच्या शस्त्रक्रियांनंतर २००६चा कमबॅक मिळाला, जेट्सच्या हिरव्या जर्सीत. २००८च्या ऑगस्टमध्ये ब्रेट फार्व्हला आणल्यावर जेट्सनी पेनिंग्टनला सोडून दिलं. तो मायामीला गेला, आदल्या वर्षी १-१५ (एक विजय, पंधरा पराभव) असलेल्या डॉल्फिन्सना त्याने ११-५वर नेलं, आणि शेवटच्या सामन्यात इथेच, मेडोलँड्सवर येऊन जेट्सना हरवून डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली. त्या वर्षीचा कमबॅकही त्यालाच. दोन्ही जर्सींचा नंबर १०च आहे, त्यामुळे ‘पेनिंग्टन, १० नंबर, कमबॅक’ एवढं लिहून भागत नाही. कोणता रंग ते सांगा. (डॉल्फिन्सची जर्सी करून घेणारे जेट्सचे चाहतेही आहेत. आम्ही कारण विचारत नाही.)

पेटन मॅनिंगची ब्राँकोजची १८ नंबरची जर्सी आमच्याकडे नेहमी येते, साल २०१२. तो नंबर डेन्व्हरने फ्रँक ट्रिपकाच्या सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवला होता. ट्रिपकानेच परवानगी दिली म्हणून मॅनिंगला तो घालता आला. ट्रिपका आपल्या न्यू जर्सीच्या ब्लूमफील्डचा. पाटीवर एक ओळ जास्त बसते, हवी असल्यास सांगा.

पुरस्कार नेमका देतं कोण

लोक सरसकट ‘एनएफएलचा पुरस्कार’ म्हणतात. समारंभ लीगचा असला तरी मतं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ५० जणांच्या मंडळाची असतात. त्यांचा पुरस्कार १९६०च्या दशकात थोडी वर्षं दिला गेला, मग थांबला आणि १९९८पासून सलग चालू आहे. त्या वर्षीचा मानकरी बफेलोचा डग फ्लूटी. फुटबॉल पत्रकारांची संघटना आणि ‘स्पोर्टिंग न्यूज’ यांचेही याच नावाचे स्वतंत्र पुरस्कार आहेत आणि दर वेळी नाव जुळतंच असं नाही. म्हणून आम्ही पाटीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत देणाऱ्याचं नाव घालतो. जिम प्लंकेटच्या १९८०च्या फ्रेमवर असोसिएटेड प्रेस लिहा असा आग्रह होतो. ते आम्ही करत नाही, कारण त्या वर्षी त्यांचा पुरस्कारच नव्हता.

प्रत्येक संघातले खेळाडू आपल्यातल्या एकाला निवडून देतात तो एड ब्लॉक करेज पुरस्कार वेगळा. त्याची पाटीही करतो, पण दोन्हींची नावं एकात घालू नका.

डॅमर हॅमलिनच्या फ्रेमबद्दल

हा विषय नाजूक आहे. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत, भर सामन्यात बफेलो बिल्सच्या या खेळाडूचं हृदय थांबलं, मैदानावरच त्याला शुद्धीवर आणण्याची धडपड झाली, सामना रद्द झाला आणि त्याच वर्षी तो परत खेळला. कमबॅक त्यालाच मिळाला असं कित्येक जण ठामपणे सांगतात. असोसिएटेड प्रेसचा मिळाला नाही. पहिल्या पसंतीची मतं त्याला जास्त होती, २१, फ्लॅकोला १३. पण मतदार तीन नावं क्रमाने देतात आणि त्यांना ५, ३, १ असे गुण मिळतात. दुसऱ्या पसंतीची २६ मतं फ्लॅकोकडे गेली, हॅमलिनकडे ७. बेरीज झाली फ्लॅको १५१, हॅमलिन १४०.

यावर बरंच रण माजलं. फ्लॅको ३८ वर्षांचा, नोव्हेंबरपर्यंत कुठल्याच संघात नव्हता. जखमी वगैरे काही नव्हता. पाच सामने खेळला, चार जिंकून दिले. दुसरीकडे मरणाच्या दारातून आलेला माणूस. पुढच्या वर्षी असोसिएटेड प्रेसने मतदारांना स्पष्ट सांगितलं की आजार, दुखापत किंवा तशाच परिस्थितीमुळे आदल्या हंगामात खेळ हुकलेल्या आणि त्यावर मात केलेल्या खेळाडूसाठी हा पुरस्कार आहे. आमच्या मते हे आधीच सांगायला हवं होतं. मात्र या चाळणीतून २०२२चा मानकरी जीनो स्मिथ पार झाला असता का, अशी शंका येते. तो जखमी नव्हता, वर्षानुवर्षं राखीव क्वार्टरबॅक म्हणून बसून होता.

तर हॅमलिनच्या ३ नंबरच्या जर्सीखाली ‘कमबॅक प्लेअर’ कोरायला आम्ही नाही म्हणतो, तो आडमुठेपणा नव्हे. त्याऐवजी तारीख, शहर आणि तो परतला तो हंगाम एवढंच लिहून पाहा. नमुना दुकानात लावलेला आहे.

नमुन्याला उत्तर देताना

कोरण्याआधी आम्ही पाटीचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्यावर बहुतेक जण गाडी चालवता चालवता किंवा मीटिंगमधून नुसता अंगठा पाठवतात. कृपया तसं करू नका. घरी जाऊन साल, संघ आणि नावाचं स्पेलिंग वाचा आणि ‘साल बरोबर’ असं शब्दांत लिहून पाठवा. ते दोन शब्द येईपर्यंत आम्ही मशीन लावत नाही.

उशीर झाला तरी हा नियम का, तर पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही. पाटी काचेच्या आत माउंटवर असते. ती बदलायची तर मागचा धुळीचा कागद फाडून, चौकट उघडून, जर्सी पुन्हा ताणून बसवावी लागते. आम्ही जर्सी डिंकाने चिकटवत नाही, हाताने टाके घालतो, म्हणजे उद्या फ्रेम नको झाली तरी कापड धड राहतं. त्याला वेळ लागतो. नमुना मान्य केल्यानंतर साल बदललं, तर नव्या पाटीचे आणि उघडझापीचे पैसे घ्यावे लागतात. काहींना ते महाग वाटतं. पण मॉलमधल्या दुकानात फ्रेम उघडून देतात का, विचारून पाहा.

लीगचं ढाल-चिन्ह किंवा संघाचा लोगो आम्ही कोरत नाही. ते नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत आणि आमच्याकडे परवाना नाही. जर्सीवर आहे तेवढं पुरे दिसतं. खऱ्या पुरस्काराची हुबेहूब प्रतिकृतीही करत नाही.

ऑफिसच्या किंवा मित्रमंडळाच्या फँटसी लीगमध्ये तळातून वर आलेल्यासाठी ‘आमचा कमबॅक’ अशी ढाल मात्र हौसेने करून देतो, मजकूर तुमचा, चेष्टा तुमची. देवनागरीत पाटी हवी असल्यास तीही होते, भाव तोच. भारतात भेट पाठवणाऱ्यांनी काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घ्यावं.

ऑर्डर देताना खेळाडू, हंगामाचं साल, संघ, जर्सीचा नंबर आणि पुरस्कार देणारी संस्था, एवढं एका चिठ्ठीवर लिहून जर्सीसोबत आणा. सालाची खात्री नसेल तर जागा कोरी सोडा. आम्ही शोधून भरू, त्याचे पैसे नाहीत. सुपर बोलच्या पार्टीआधी फ्रेम भिंतीवर हवी असेल, तर जर्सी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे आलेली बरी. यंदाचा मानकरी जाहीर झाल्यावर रांग लागते, त्यामुळे त्याची फ्रेम मार्चच्या आत मिळेल असं आम्ही कबूल करत नाही.