पाण्याच्या स्टेजमधला पांढरा प्राणी: ऑक्टोपस, जेलीफिश की माकूल?

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममधली पाण्याची स्टेज म्हणजे २-२, दुसऱ्या जगातली दुसरी. डोकं टोकदार, खाली पाय लोंबताहेत, असा एक पांढरा प्राणी तिरका वर उसळतो, सैल पडून जरा खाली येतो, पुन्हा उसळतो आणि नेमका मारिओच्या वाटेत येतो. नव्वदीच्या दशकात नौपाड्यापासून वाशीपर्यंत ज्या घरांत टीव्हीला आठ बिटांचा व्हिडिओ गेमचा डबा जोडलेला असे, तिथे त्याचं नाव बहुतेकांनी ठरवून टाकलं होतं: ऑक्टोपस. थोडे जण जेलीफिश म्हणायचे. दोन्ही चूक.

मूळ गेम १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तो ज्या यंत्रासाठी होता ते १९८३ चं. अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसवलेला, त्यामुळे प्राण्यांच्या चित्रांना जागा जेमतेमच मिळाली. या प्राण्याच्या वाट्याला दोन मुद्रा आल्या, एक लांबलेली आणि एक आखडलेली. नावाचा सगळा गोंधळ या दोन चित्रांतून सुरू होतो.

जपानी नाव गेसो. तिकडे सुशीच्या दुकानात माकुलीच्या, म्हणजे स्क्विडच्या, पायांना गेसो म्हणतात, आणि तो शब्द मुळात दारात काढून ठेवलेल्या पादत्राणांसाठीच्या शब्दाचा तुकडा आहे. म्हणजे बनवणाऱ्यांच्या मनात पहिल्यापासून माकूलच होती, वाद तिथेच मिटायला हवा होता. पण अमेरिकी आवृत्तीच्या माहितीपुस्तकात तो ब्लूबर झाला आणि पुढे ब्लूपर. ब्लूपर म्हणजे इंग्रजीत फजितीची चूक, त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेटबरोबर माहितीपुस्तक क्वचितच यायचं. नाव सांगायला कोणी नव्हतं, म्हणून चित्र पाहून नाव पडलं.

चित्राकडे नीट पाहिलं तर मात्र ऑक्टोपस म्हणायला जागा उरत नाही. ऑक्टोपसचं डोकं गोल पिशवीसारखं, तर याच्या डोक्याला बाणाच्या टोकासारखा त्रिकोण आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात टोपलीतली माकूल उचलून पाहा, तोच त्रिकोण दिसेल: ते तिचे दोन बाजूंचे पर. साफ करताना आतून काचेसारखा पारदर्शक काटा ओढून काढतात आणि शाईची पिशवी न फोडता वेगळी करतात, तीच ही. पायांची संख्या मोजून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण खऱ्या माकुलीला आठ हात आणि दोन लांब सोंडा असे दहा अवयव असतात आणि एवढ्याशा चित्रात ते मावणं शक्यच नव्हतं. खरा पुरावा चालीत आहे. माकूल अंगात पाणी भरून घेते, ते जोरात बाहेर फेकते आणि टोकाकडच्या दिशेने सुटते. गेममधला प्राणी आखडतो, मग लांब होऊन टोक पुढे ठेवून उसळतो. जेलीफिशवाल्यांचं म्हणणं इथे थोडं समजून घेता येतं, तीही आखडत-सैलावत पोहते. पण तिला टोक नसतं.

आता चाल, कारण जीव जातो तो तिच्यामुळे. नियम अगदी साधा आहे. उसळून झाल्यावर ब्लूपर खाली येतो, आणि त्याचं टोक मारिओच्या चौकटीच्या वरच्या कडेपासून साधारण १६ पिक्सेल वर असताना थांबून पुन्हा उसळायला लागतो. त्याहून खाली तो उतरत नाही. गेम लहान-मोठ्या दोन्ही मारिओंसाठी ३२ पिक्सेल उंचीची एकच चौकट धरतो आणि लहान मारिओ तिच्या खालच्या अर्ध्या भागात असतो. म्हणून लहान मारिओ तळावर उभा असेल तर ब्लूपर डोक्यावर येऊन परत फिरतो. मोठ्याला मात्र त्याच जागी चिकटतो. ‘खाली बसून राहा, काही होत नाही’ हा गल्लीतला सल्ला अर्धाच खरा होता. मशरूम खाल्लेल्यांनी तो ऐकला आणि मशरूम गमावला.

शिवाय तळावरून चालणं संथ पडतं. पोहताना मारिओ एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, जास्तीत जास्त दीड पिक्सेल सरकतो, तळावर फक्त एक. बी बटण दाबून पळण्याची युक्ती पाण्यात चालत नाही. उडी मारून चिरडणंही नाही. आगीची गोळी मारता येत असेल तर २०० गुण मिळतात, नाहीतर चुकवायचं.

स्वस्त डब्यांच्या रिमोटवर ए आणि बीच्या वर टर्बोची दोन बटणं असायची, दाबून ठेवली की आपोआप पुन्हापुन्हा दाबल्यासारखी चालणारी. पाण्यात टर्बो ए दाबून ठेवला की मारिओ सलग हातपाय मारत वरच्या कडेला जाऊन चिकटतो, आणि ब्लूपर खालून वर उसळतच राहतो. सुटायचं तर एक-एक टिचकी मारत मधल्या उंचीवर राहावं, ब्लूपर सैल पडायला लागला की त्याच्या वरून निघावं.

सोबतच्या माशांबाबतही एक गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. लाल मासा करड्याच्या दुप्पट वेगाने जातो, ते दिसतंच. पण मासा सरळ जाणार की वरखाली डुलत, हे रंगावर ठरत नाही. शत्रूंसाठी राखलेल्या मेमरीतल्या पहिल्या दोन खणांत आलेला मासा सरळ जातो, बाकीचे डुलतात.

७-२ चा नकाशा २-२ चाच, तरी तिथे ब्लूपर अंगावर आल्यासारखा वाटतो तो भास नाही. शत्रू वाढवलेले आहेतच. शिवाय दिशा नव्याने ठरवण्याची शक्यता सुरुवातीच्या स्टेजमध्ये प्रत्येक फ्रेमला ६४ मध्ये १ असते आणि ५-३ पासून पुढे ४ मध्ये १ होते.

आपल्या डब्यांचा आणखी एक भाग यात आहे. इथले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, आणि मूळ जपानी यंत्र ६० चं. गेमचं घड्याळ दर २४ फ्रेमला एक आकडा उतरतं. ४०० आकड्यांची स्टेज मूळ यंत्रावर १६० सेकंदांत संपते, तर आपल्याकडे १९२ सेकंद मिळायचे. संगीतही संथ वाजायचं. त्या सवयीचा हात आज मोबाइलवरच्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपवर, बसला की माकूल २० टक्के जास्त वेगाने अंगावर येते. ‘आता हात राहिला नाही’ म्हणण्याआधी सेटिंगमध्ये ५० आहे की ६० ते पाहून घ्यावं.

१९८६ च्या पुढच्या भागात ब्लूपर काही ठिकाणी थेट हवेत तरंगताना ठेवला गेला, आणि पाण्याबाहेर त्याच्यावर उडी चालते. १९८८ च्या तिसऱ्या भागात मागे पिल्लांची रांग आली. १९९० च्या मोठ्या गेममधून तो गायब झाला, १९९६ च्या त्रिमितीतल्या पहिल्या गेममध्येही नाही. मुख्य मालिकेत २००२ मध्ये परतला तो बंदरातला महाकाय राक्षस होऊन, ज्याच्या सोंडा ओढून तोडायच्या; त्याच गेममध्ये लहान ब्लूपरवर बसून पाण्यावर शर्यतीही आहेत. २००५ च्या मोटार शर्यतीच्या गेममध्ये तो प्रतिस्पर्ध्यांच्या स्क्रीनवर शाई फेकतो. शाई ऑक्टोपसही सोडतो, त्यामुळे जुना वाद तिथे पुन्हा उकरला गेला. २०१५ पासून खेळाडूंना स्वतः स्टेज बांधता येते आणि ब्लूपर पाण्यात ठेवायचा की जमिनीवर, हे बांधणाऱ्याच्या हातात आहे.