व्हाइट मॅटरमधले पांढरे ठिपके: रक्तवाहिन्यांचे की एमएसचे?

डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढावा आणि रिपोर्टमध्ये 'नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज' (मेंदूतल्या तंतूंच्या भागात, म्हणजे व्हाइट मॅटरमध्ये, नेमकं कारण न सांगणारे पांढरे ठिपके) अशी ओळ निघावी, हे आता नेहमीचं झालं आहे. पुढे बहुधा तीन शक्यता लिहिलेल्या असतात: बारीक रक्तवाहिन्यांचा विकार, मायग्रेन, डिमायलिनेशन (मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण जाणं). लोक पहिल्या दोन सोडून तिसरीच शोधायला बसतात आणि थेट मल्टिपल स्क्लेरोसिसवर, म्हणजे दाहामुळे हे आवरण खराब करणाऱ्या एमएस या आजारावर, येऊन पोचतात. ती यादी म्हणजे निदान नव्हे. असे ठिपके कशाकशामुळे दिसू शकतात, एवढंच रेडिओलॉजिस्टने नोंदवलेलं असतं.

फ्लेअर नावाच्या चित्रांत मेंदूतलं मोकळं पाणी काळं दिसतं आणि ज्या ऊतीत पाण्याचा अंश वाढलाय ती जागा पांढरी उजळते. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण गेलं तरी पांढरं, रक्तपुरवठा तोकडा पडून तंतू झिजले तरी पांढरंच. त्यामुळे नुसत्या रंगावरून कारण ठरत नाही. जागा, आकार आणि पेशंटची हकिगत बघावी लागते.

रक्तवाहिन्यांचे ठिपके वयासोबत वाढतात. साठीनंतर बहुतेकांच्या स्कॅनमध्ये थोडेफार सापडतातच. वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान त्यात भर घालतात. हे ठिपके खोल व्हाइट मॅटरमध्ये, दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरलेले असतात. मेंदूच्या सालीला, म्हणजे कॉर्टेक्सला, अगदी चिकटून असलेला तंतूंचा थर बहुधा वाचतो. फझेकास यांनी 1987 मध्ये मांडलेली 0 ते 3 ही श्रेणी इथेच वापरतात: 1 म्हणजे सुटे बारीक ठिपके, 3 म्हणजे एकमेकांत मिसळून गेलेले पट्टे. सत्तरीच्या माणसाला श्रेणी 1 मिळाली तर मी तरी झोप घालवणार नाही.

एमएसमध्ये दाह सुरू होतो तो बारीक शिरांभोवती. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांजवळ या शिरा काटकोनात जातात, म्हणून तिथले डाग लांबट आणि पोकळीच्या कडेवर उभे दिसतात. त्यांनाच 'डॉसन फिंगर्स' म्हणतात. योग्य प्रकारच्या एमआरआयमध्ये डागाच्या मधोमध ती शीरही दिसू शकते. शिवाय कॉर्टेक्सला चिकटून, दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये, लहान मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग आढळतात. यातला मज्जारज्जू सगळ्यात उपयोगी, कारण वयामुळे किंवा मायग्रेनमुळे मेंदूत ठिपके आले तरी मज्जारज्जूत ते येत नाहीत. शंका असेल तर न्यूरोलॉजिस्ट मानेचा आणि पाठीचा एमआरआय सांगतात, कधी कण्यातलं पाणी काढून त्यात ऑलिगोक्लोनल बँड्स (दाहाची खूण असलेली प्रथिनं) आहेत का ते तपासतात.

हकिगत मात्र या सगळ्याच्या आधी येते. एका डोळ्याची नजर काही दिवसांत मंदावणं, डोळा हलवताना दुखणं, पायापासून पोटापर्यंत चढलेला आणि दिवसचे दिवस टिकलेला बधिरपणा, असं काही घडून गेलं असेल तर ठिपक्यांना वेगळा अर्थ येतो. मायग्रेन असलेल्या तरुण व्यक्तीच्या स्कॅनमध्ये चार बारीक ठिपके आणि बाकी काहीच नाही, तर त्यावर एमएसचा शिक्का मारणं घाईचं ठरतं. मायग्रेनलाच एमएस समजून वर्षानुवर्षं औषधं दिली गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत.

मधली एक अवघड अवस्थाही आहे: स्कॅन अगदी एमएससारखा, पण पेशंटला त्रास काहीच नाही. तिला 2009 पासून रेडिओलॉजिकली आयसोलेटेड सिंड्रोम असं नाव आहे. अशांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना 5 वर्षांत पहिलं लक्षण जाणवतं. 2024 च्या सुधारित निकषांनुसार, पुरेसे जादा पुरावे असतील तर यातल्या काहींना लक्षणांआधीच एमएसचं निदान देता येतं.

रक्तवाहिन्यांच्या बाजूने करण्यासारखं मुख्य काम रक्तदाबाचं. वरचा दाब 120 च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्यांमध्ये हे ठिपके 140 चं लक्ष्य असलेल्यांपेक्षा सावकाश वाढले, असं 2019 मध्ये स्प्रिंट माइंड या चाचणीत दिसलं. पुन्हा स्कॅन करायचा ठरला तर शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करून घ्यावा आणि जुनी सीडी सोबत न्यावी. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजण्याचं एकक) मशीननंतर 3 टेस्लावर गेलात, तर आधीपासून असलेले बारीक ठिपकेही नव्याने उगवल्यासारखे दिसू शकतात.