रीइश्यू बेस: खोट मुळातली की काम कच्चं?

फेंडर या गिटार कंपनीच्या जुन्या मॉडेलची हुबेहूब नवी आवृत्ती, म्हणजे रीइश्यू बेस गिटार, घेणाऱ्यांच्या तक्रारींत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. काही खोटी मूळ बेसमध्येच होत्या आणि नव्यात त्या इमानेइतबारे उतरवल्या आहेत. बाकीचं निव्वळ आजच्या कारखान्यातलं ढिसाळ काम. कुठली तक्रार कुठल्या खात्यात टाकायची, हे जुना इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला प्रिसिजन बेस काढला. बॉडीत खाच, खाचेत नेक (गिटारचा दांडा), मागून चार स्क्रू. नेक गोंदाने न चिकटवल्यामुळे जुळणी झटपट व्हायची आणि बिघडली तर बदलताही यायची. पण सगळी मदार त्या खाचेवर आली. पहिल्या प्रिसिजनला चार तारांत मिळून दोनच सॅडल (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) होते. एका सॅडलवर दोन तारा म्हटल्यावर वरच्या फ्रेटांना (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांना) दोन्ही तंतोतंत सुरात येणार कशा? १९५१चा हुबेहूब नमुना हौसेने घेऊन इंटोनेशनबद्दल, म्हणजे या सुरातल्या फरकाबद्दल, कुरकुर करण्यात अर्थ नाही. ट्रस रॉडचंही, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचंही, तेच. जुन्या पद्धतीत त्याचा नट बॉडीकडच्या टोकाला, त्यामुळे तो नीट फिरवायला तारा सैल करून नेक काढावी लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत नेक हलली की हा उद्योग चांगलाच जिवावर येतो, पण त्याला कच्ची कारागिरी म्हणता येणार नाही.

१९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन कंपनी घेतली. उत्पादन वाढलं आणि सत्तरच्या दशकात सफाई गेली. लाकडावर पॉलिएस्टरचा जाड थर चढला, बरेच बेस खांदा दुखवतील इतके जड निघू लागले. फेंडरच्याच जॅझ बेसच्या नेकला चाराऐवजी तीन स्क्रू आले आणि सगळं खापर त्या तीन स्क्रूंवर फुटलं. मला हा थोडा अन्याय वाटतो. नेकचा कोन बदलता यावा म्हणून केलेली ती सोय खुद्द लिओची, आणि कंपनी सोडल्यावर म्युझिक मॅन या दुसऱ्या कंपनीच्या १९७६च्या स्टिंगरे बेसलाही त्याने तीनच स्क्रू ठेवले. खरी चूक खाच मोठी कोरण्यात होती. नेकच्या कडेला व्हिजिटिंग कार्ड सहज सरकेल एवढी फट राहिली की नेक बाजूला कलते आणि 'जी' (G) तार फ्रेटबोर्डच्या काठावरून घसरू लागते. स्क्रू तीन असोत वा चार, फट बुजत नाही.

पन्नास-साठच्या दशकांतल्या जुन्या बेसला भाव चढला तो याच काळात. जपानी कंपन्या त्यांच्या नकला करत होत्या, आणि त्या चांगल्या निघत होत्या. १९८२ मध्ये फेंडरने दोन वाटा धरल्या: फुलरटनला १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांचे रीइश्यू, आणि जपानमध्ये फेंडर जपान, ज्याचं काम फुजिजेनकडे गेलं. तिथल्या सुरुवातीच्या 'जेव्ही' क्रमांकाच्या स्क्वायरना (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) आजही गिऱ्हाईक आहे. १९८५ मध्ये बिल शुल्झ यांच्या गटाने सीबीएसकडून कंपनी घेतली, पण फुलरटनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. नवा कॅलिफोर्नियातल्याच कोरोना या गावी उभा राहिला. पुढे मेक्सिको, चीन, इंडोनेशिया. २००८ मध्ये चीनहून आलेल्या स्क्वायर क्लासिक व्हाइबमुळे जुनं रूप स्वस्तात मिळू लागलं.

म्हणून आज खोक्यातून निघालेल्या बेसच्या खाचेत पातळ शिम (नेकचा कोन साधायला घातलेली पट्टी) दिसली तर लगेच परत पाठवायची घाई नको. जुन्या फुलरटनमध्येही शिम घालत. 'जी' (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विझतो, तेही साठ वर्षांपूर्वीच्या बेसमध्ये सापडतं. फ्रेटची टोकं बोटाला टोचणं मात्र लाकूड नीट न सुकवल्याचं किंवा घासकाम टाळल्याचं लक्षण. आणि तारा सुरात असताना हेडस्टॉक (नेकचं टोक) हलकेच बाजूला दाबल्यावर नेक खाचेत सरकली, तर मागचे स्क्रू आवळून पाहा. तरीही हलत असेल तर वॉरंटीत बदलून मागा.